आमच्या घरात दुसऱ्या कंपनीची गाडी आली नाही

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

मी 52 वर्षांचा असून ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, कासारवडवलीला राहतो. माझे वडील मुरबाड तालुक्यात बंधारे आणि रस्त्यांची छोटी कंत्राटे घेत. आधी ते राजदूत मोटारसायकलवर फिरत. 1988 साली त्यांनी महिंद्राची एमएम 540 ही डिझेल जीप घेतली आणि शेवटपर्यंत तीच चालवली. 26 जुलै 2005 च्या पुरात कळव्याला अडकलेल्या माझ्या पत्नीला आणि दोन वर्षांच्या मुलीला त्यांनी याच जीपमधून नौपाड्याच्या घरी आणले. शेजारच्या मुलाला बांबू देऊन पुढे चालायला लावले होते. एका गल्लीत पाणी त्याच्या मांडीपर्यंत आल्याबरोबर बाबा गाडी मागे घेऊन दुसऱ्या वाटेने निघाले, असे पत्नी अजून सांगते. बाबा 2011 साली गेले. जीप मुरबाडच्या शेतावर पत्र्याच्या शेडखाली उभी आहे.

मी स्वतः आधी बोलेरो आणि 2009 साली स्कॉर्पिओ घेतली. पंधरा वर्षे झाल्यावर तिचे पासिंग पाच वर्षांसाठी वाढवून घेतले आहे. आता मुलगी 22 वर्षांची झाली, ती ऐरोलीला नोकरीला जाते. तिच्या रोजच्या जाण्यायेण्यासाठी आणि आम्हां चौघांना शेतावर जाण्यासाठी आणखी एक गाडी घ्यायची आहे. निम्मे पैसे तिचे आहेत. तिला मारुतीची जिम्नी हवी आहे. मी महिंद्राच्याच थारचे सर्वांत स्वस्त डिझेल मॉडेल पाहून ठेवले असून ते पाडव्याला घरी यावे अशी इच्छा आहे. रागाच्या भरात मी तिला म्हणालो, ''माझ्या घरात दुसऱ्या कंपनीची गाडी आली नाही आणि येणारही नाही.'' तेव्हापासून ती गाडीचा विषय काढत नाही. रविवारी ज्यांच्याबरोबर कच्च्या रस्त्यांवर गाड्या घेऊन जातो ते मित्र आतापासूनच चिडवू लागले आहेत. आई 79 वर्षांची आहे. तिला स्कॉर्पिओत चढता यावे म्हणून मी मागे एक लाकडी पाट ठेवतो. दुसरी गाडी घेणे म्हणजे बाबांशी प्रतारणा, असे मला मनापासून वाटते. काय करावे?

— एक वाचक, ठाणे

उत्तर

सप्रेम नमस्कार,

आधी माझे मत सांगते आणि मग कारणे. आपण पाहून ठेवलेले थारचे मॉडेल घेऊ नये. आपल्या वडिलांनी गाडी कशी निवडली आणि कशी चालवली, हे आपल्याच पत्रातून वाचून मी या मतापर्यंत आले आहे.

प्रथम त्या मॉडेलविषयी. 22 सप्टेंबर 2025 पासून वस्तू व सेवा कराचे जे नवे दर लागू झाले, त्यानुसार चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पंधराशे सीसीपर्यंतच्या डिझेल किंवा बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाच्या गाड्यांना 18 टक्के कर लागतो, तर त्याहून मोठ्या गाड्यांना 40 टक्के. थारचे दीड लिटरचे डिझेल मॉडेल पहिल्या गटात बसते आणि जिम्नीचे 1462 सीसीचे पेट्रोल इंजिन दुसऱ्या गटात जाते. आपल्या मनातला किमतीचा हिशेब यातूनच आलेला असणार. परंतु ही दीड लिटरची थार फक्त मागच्या चाकांवर चालते. तिला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देण्याची सोय नाही आणि त्यामुळे लो रेंज, म्हणजे संथ वेगात जास्त ओढ देणारे गिअरही नाहीत. मुरबाडच्या शेताकडे जाणारा कच्चा रस्ता आपल्या परिचयाचा आहे आणि पावसाळ्यात त्या लाल मातीचे काय होते हेही आपण जाणता. ज्या एका गुणासाठी बाबांनी जीप घेतली, नेमका तोच गुण नसलेली गाडी केवळ बोनेटवर तेच नाव आहे म्हणून घरात आणायची, आणि या दोन्ही सोयी असलेली जिम्नी केवळ नाव वेगळे म्हणून दाराबाहेर ठेवायची, हे बाबांना पटले असते का, याचा आपण शांतपणे विचार करावा.

आता 1988 सालाविषयी, कारण माझ्या मते आपल्या पत्राची खरी गाठ तिथे आहे. आपण त्या खरेदीला निष्ठेचा आरंभ मानता. मला मात्र ती एका हिशेबी माणसाने डोळे उघडे ठेवून केलेली निवड दिसते. त्या वर्षी चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी असलेल्या माणसापुढे पर्याय मोजकेच होते. मारुतीची जिप्सी 1985 पासून बाजारात होती, वजनाने हलकी होती, पण ती पेट्रोलवर चालत असे. ज्याला रोज बंधाऱ्याच्या कामावर सिमेंटच्या गोणी आणि माणसे न्यायची आहेत, ज्याची बिले सहा-सहा महिने अडकून पडतात, आणि गाडी बंद पडली तर मुरबाडच्या नाक्यावरच्या मिस्त्रीकडूनच ती सुरू करून घ्यायची आहे, त्याने डिझेल जीप घेणे हा सरळ व्यवहार होता. तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत आणि तिचे इंजिन कोणत्याही मिस्त्रीला उलगडता येई. त्याआधी ते राजदूत चालवत होते, आणि जीप घेताना राजदूतशी आपण प्रतारणा करतो आहोत असे त्यांच्या मनातही आले नसेल. काम बदलले तशी गाडी बदलली. आपण त्यांचा निर्णय वारशाने घेतला आहे, निर्णय घेण्याची त्यांची पद्धत मात्र घ्यायची राहून गेली, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

आणि ज्या जीपला आपण एका कंपनीचे अपत्य समजता, तिची कुळकथाही जरा पाहा. अमेरिकी सैन्याने मागवलेल्या हलक्या फोर बाय फोर गाडीचा पहिला नमुना सप्टेंबर 1940 मध्ये बँटम नावाच्या छोट्या कंपनीने करून दिला. सैन्याला मोठ्या संख्येने गाड्या हव्या होत्या, म्हणून विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनाही तो नमुना दाखवण्यात आला. शेवटी विलीजची रचना प्रमाण ठरली आणि त्याच रचनेवर फोर्डनेही जीप बांधल्या. पत्र्यात उभ्या खाचा पाडलेली जी जाळी पाहिल्याबरोबर आपल्याला जीप ओळखू येते, ती युद्धकाळात फोर्डने आणली. महिंद्रा ही 1945 साली स्थापन झालेली पोलादाच्या व्यापारातली कंपनी. तिने स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली. आपल्या वडिलांच्या एमएम 540 मधले डिझेल इंजिन तर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या रचनेचे होते. तेव्हा मुरबाडच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या त्या एका गाडीत अमेरिका, फ्रान्स आणि मुंबई एकत्र नांदत आहेत. जिम्नीचा वंशही काही कालचा नाही. सुझुकीने होप नावाच्या एका लहान जपानी कंपनीची छोटी फोर बाय फोर विकत घेऊन 1970 साली पहिली जिम्नी काढली आणि आपली जिप्सी त्याच घराण्यातली. ती पुढे अनेक वर्षे भारतीय लष्करात होती. हा इतिहास मी महिंद्राला कमी लेखण्यासाठी सांगत नाही; या देशातल्या खेड्यापाड्यांपर्यंत फोर बाय फोर गाडी पोचवण्याचे श्रेय त्या कंपनीचेच आहे आणि तिच्याबद्दलचा आपला आदर योग्य आहे. मात्र जीप पहिल्यापासूनच अनेकांच्या हातून घडली आहे, त्यामुळे तिच्या नावाने घरात सोवळे पाळण्याचे कारण उरत नाही.

माझा धाकटा भाऊ नाशिकला सातपूरच्या एका वाहन कारखान्यात तीस वर्षे जोडणीच्या विभागात होता. निवृत्त झाल्यावर त्याने वहिनीसाठी दुसऱ्याच कंपनीची लहान ऑटोमॅटिक गाडी घेतली, कारण तिचा डावा गुडघा दुखतो आणि क्लच दाबवत नाही. मी त्याला विचारले, तुला काही वाटले नाही का? तो म्हणाला, ''ताई, नट मी आवळले ते पगारासाठी आणि नीट आवळले ते माझ्या समाधानासाठी. गाडी घेतली ती हिच्या पायासाठी.'' त्याच्या टपरीवरच्या जुन्या सहकाऱ्यांनीही गाडी फिरवून पाहिली, पेढे खाल्ले आणि विषय संपला.

आता 26 जुलैची ती संध्याकाळ. त्या प्रसंगाचे आपण जे वर्णन केले आहे, त्यातला बांबू माझ्या नजरेसमोरून हलत नाही. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. ठाणे, कळवा, मुंब्रा, कल्याण या साऱ्या पट्ट्यात रस्ता कुठे आहे आणि नाला कुठे, हे कळत नव्हते. जीप उंच होती आणि तिच्या डिझेल इंजिनात पाण्याने बंद पडतील असे स्पार्क प्लग नव्हते, हे खरे. पण तेवढ्यावर माणसे घरी पोचली नाहीत. बाबांनी पाण्याची खोली आधी मोजून घेतली. पाणी मांडीला लागले तिथून ते परत फिरले. आणि मला खात्री आहे की उरलेले पाणी त्यांनी लो रेंजच्या गिअरमध्ये, एकाच संथ वेगाने, पाय न उचलता कापले असणार, कारण तसे गेले तरच बोनेटपुढे तयार झालेली लाट पुढे पुढे सरकते आणि इंजिनाभोवतीची पातळी खाली राहते. मध्येच थांबले किंवा गिअर बदलत बसले की तेच पाणी मागे वळून इंजिनावर येते. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर ते हवेसारखे दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि कोणत्याही कंपनीचे इंजिन जागीच बसते. आजच्या थारला उत्पादकाने 650 मिलिमीटर पाण्याची मर्यादा दिलेली आहे, म्हणजे साधारण मांडीपर्यंतच. आपल्या बाबांनी कोणतेही पुस्तक न वाचता जवळजवळ तीच मर्यादा बांबूने ठरवली होती. त्या रात्री घर वाचवले ते या विवेकाने. आपली कृतज्ञता ज्याला वाहायची तो माणूस आहे, आणि त्याची ही शहाणीव जिला मिळायला हवी ती मुलगी त्याच जीपमध्ये आपल्या आईच्या मांडीवर बसली होती. आज ती आपल्याशी गाडीबद्दल बोलत नाही, ही गोष्ट मला जिम्नी आणि थार यांच्यातल्या कोणत्याही फरकापेक्षा मोठी वाटते.

आता व्यवहाराकडे येऊ. पाटाचा उल्लेख आपण ओघात केला आहे, पण गाडी तिथूनच निवडायला हवी. आई पुढच्या सीटवर बसत असणार. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचे तर पुढची सीट वाकवून आत शिरावे लागते. म्हणजे माळशेजच्या वाटेवर चहाला थांबल्यावर सूनबाईंना उतरायचे असेल तर आधी आईंना उतरवायचे, पाट काढायचा, सीट वाकवायची, आणि निघताना हे सगळे उलट क्रमाने करायचे. जिम्नीला मागच्यांसाठी स्वतंत्र दारे आहेत. चढण्याच्या उंचीत मात्र फार फरक पडेल असे समजू नका. जिम्नीचा तळ जमिनीपासून 210 मिलिमीटर उंच आहे आणि थारचा 226, त्यामुळे पाट बहुधा दोन्हीकडे लागेल.

दुसरी गोष्ट पार्किंगची. घोडबंदर पट्ट्यातल्या बहुतेक नव्या इमारतींप्रमाणे आपल्या सोसायटीतही दुसऱ्या गाडीची जागा एकावर एक गाड्या ठेवणाऱ्या स्टॅक पार्किंगमध्ये असेल, तर बुकिंगची रक्कम भरण्याआधी त्या फलाटाची उंची आणि वजनाची मर्यादा सोसायटीच्या कार्यालयात विचारून घ्या आणि स्वतः टेप लावून पाहा. दोन्ही गाड्यांची लांबी सारखीच, 3985 मिलिमीटर आहे; पण जिम्नी 1.72 मीटर उंच आणि 1.65 मीटरपेक्षा किंचित कमी रुंद आहे, तर थार सुमारे 1.85 मीटर उंच आणि 1.82 मीटर रुंद. वरच्या फलाटावर हे काही सेंटिमीटर निर्णायक ठरतात. याच कंपनीची पाच दारांची थार रॉक्स आपल्याला सुचवावी, असे माझ्या मनात आले होते. तिला डिझेलमध्ये फोर बाय फोर मिळते आणि भारत एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच तारेही आहेत. परंतु ती सुमारे 4.43 मीटर लांब असून 40 टक्के कराच्या गटात जाते. आपले अंदाजपत्रक तिथपर्यंत ताणता येत असेल आणि जागा पुरत असेल, तर ती जरूर पाहावी, कारण मग वाद फक्त नावाचा राहत नाही.

मुलीचा रोजचा रस्ता माजिवडा, कळवा, विटावा आणि तिथून ऐरोली असा असेल, तर संध्याकाळी ती बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच असणार. एप्रिल 2020 नंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करतो ते गाडी काही वेळ सलग वेगात धावल्यावर. केवळ रांगांमधून चालणाऱ्या डिझेल गाडीत तो तुंबण्याच्या तक्रारी येतात. आठवड्याला एकदा मुरबाडची फेरी होत असेल तर चिंता नाही, पण रोज चालवणार ती आहे, हे विसरू नये. याउलट जिम्नीचे दोषही तिला आपण स्पष्ट सांगावेत. ती चारच माणसांची गाडी आहे, मागे सामानाला जागा बेताची आहे, ऑटोमॅटिक घेतली तर गिअर चारच आहेत, आणि चौघे बसून घाट चढताना तिचे इंजिन आवाज करील पण धाव घेणार नाही. हे दोष ऐकूनही तिला तीच हवी असेल, तर तिची निवड विचारपूर्वक आहे असे समजावे.

मित्रांच्या चिडवण्याविषयी एवढेच म्हणते की चिखलात रुतल्यावर ज्याची गाडी समोर उभी असेल त्याच्याच हुकाला आपण दोर बांधता. त्या गटात पहिली जिम्नी आल्यावर दोन रविवार थट्टा होईल आणि तिसऱ्या रविवारी कोणीतरी ती चालवायला मागेल.

मुलीशी बोलताना मात्र गाडीपासून सुरुवात करू नये. ''त्या दिवशी मी 'माझे घर' म्हणालो, ते चुकले,'' एवढे एक वाक्य आधी म्हणावे, आणि त्यापुढे 'पण' जोडू नये. तिने निम्मे पैसे घातले आहेत म्हणून मी हे सांगत नाही. तिने एक रुपयाही घातला नसता तरी तेच सांगितले असते. नंतर एखाद्या सकाळी आईंना आणि पाट घेऊन चौघांनी दोन्ही शोरूममध्ये जावे. चाचणीची फेरी मुलीने चालवावी, आपण मागच्या सीटवर बसावे, आणि आईंना दोनदा चढवून-उतरवून पाहावे. पाडव्याचा मुहूर्त साधला नाही तरी चालेल. अक्षय्य तृतीया काही फार लांब नसते.

स्कॉर्पिओ विकू नका. तिचे पासिंग आहे तोवर ती आपली, आपल्या रविवारची आणि आपल्या मित्रांची गाडी राहू द्या. या कंपनीवरचे आपले प्रेम तिच्यात सुखाने राहील. जिम्नी आली तर बोनेटवर हळदकुंकू आपल्या आईंच्या हातून लावून घ्या.

राहिली ती शेडमधली जीप. तिच्या कागदपत्रांची मुदत संपली असेल तर ती सार्वजनिक रस्त्यावर काढू नका, पण आपल्या शेताच्या बांधाआड ती चालवायला कोणाची हरकत नाही. नवीन बॅटरी टाकून, डिझेलची टाकी आणि नळ्या साफ करून, ब्रेक तपासून मिस्त्रीकडून ती एकदा सुरू करून घ्या आणि पावसाळ्याआधी मुलीला तिथे घेऊन जा. लो रेंज कधी टाकायची, उतारावर ब्रेकऐवजी गिअरवर कसे उतरायचे, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर का टाकून ठेवू नये, हे तिला त्या जीपवर शिकवा. वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, आणि डांबरावर ती घसरून मोकळी होऊ शकत नाहीत, म्हणून सगळा ताण शाफ्ट आणि गिअरांवर येतो. जिम्नीतही हाच नियम आहे, तेव्हा हे शिक्षण वाया जाणार नाही. आणि जाताना एक बांबू बरोबर घ्या. शेतातल्या ओढ्याला पाणी आले की ते कुठवर चालेल आणि कुठून मागे फिरायचे, हे तिला पाण्यात उभे राहून आपणच दाखवा.